पायरीवरचं नाव, भिंतीवरचं नाव

रायगडावर गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला एक पायरी दाखवली जाते. जगदीश्वराच्या देवळाची. तिच्यावर मोजके शब्द कोरलेत, 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर'. बोलताना आपण त्याला इंदुलकर म्हणतो. गडावरची बांधकामं करणारा हा माणूस. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. काम पाहून महाराज खूश झाले, म्हणाले, हवं ते माग. हिरोजीनं मागितलं काय, तर देवळाच्या पायरीवर नाव कोरायची परवानगी. का? तर महाराज दर्शनाला येतील तेव्हा त्यांची पायधूळ त्या नावावर पडावी!

आमच्याकडे ही गोष्ट आबा सांगत. आबा तालुक्याच्या गावी हेडमास्तर होते, त्यामुळे गोष्टीला तात्पर्य असायचंच. तात्पर्य असं की एवढा मोठा गड बांधला, पण माणसानं नाव कुठे टाकलं, तर पायाखाली. नाहीतर तुम्ही! चाचणी परीक्षेत पहिला नंबर आला की गल्लीभर सांगत सुटता.

ही गोष्ट आहे, कागद नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. पण आज मुद्दा तो नाही. मुद्दा असा की त्याच देवळाच्या प्रवेशद्वाराच्या भिंतीत दुसरा एक शिलालेख आहे आणि त्याच्यापुढे फारसं कुणी थांबत नाही. थांबलं तरी तो संस्कृतात, त्यामुळे फोटो काढून मंडळी पुढे जातात. मीही दोनदा अशीच पुढे गेले होते. तिसऱ्या वेळी बरोबर भाची होती. एम.ए.ला संस्कृत. तिनं उन्हात उभं राहून अक्षरं लावत लावत तो वाचला आणि मी तिथल्या तिथे खाली बसले.

लेख श्लोकबद्ध आहे. त्यात काय म्हटलंय ते माझ्या भाषेत सांगते. सगळ्या जगाला आनंद देणारा हा जगदीश्वराचा प्रासाद सिंहासनाधीश श्रीमत् छत्रपती शिवाजी राजांच्या आज्ञेनं उभा राहिला. मग शक येतो, तोही आकड्यांत नव्हे, शब्दांत. सहा, नऊ, बाण म्हणजे पाच आणि भूमी म्हणजे एक, आणि हे सगळं उलटं वाचायचं. झालं शके १५९६, म्हणजे १६७४, राज्याभिषेकाचं वर्ष. त्यानंतर गडाचं वर्णन. विहिरी, तळी, बागा, वाटा, खांब, हत्तीशाळा, आभाळाला चाटणारे राजवाडे. हा रायगड शब्दांच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि तो हिरोजीनं निर्माण केला आहे. आणि शेवट? चंद्रसूर्य आहेत तोवर हे असंच झळकत राहो.

आता सांगा, ही पायधुळीची भाषा आहे का?

श्लोक हिरोजीनं स्वतः रचला नसणार, कुणा पंडिताकडून करून घेतला असेल. पण नाव त्याचं आहे, काम त्याचं आहे आणि भिंतही त्यानंच बांधलेली. महाराजांच्या राजधानीत, त्यांच्या देवळाच्या दारात, 'हे मी केलं, शब्दांत मावत नाही असं केलं' हे दगडात कोरून ठेवलंय, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटल्याची गोष्ट आपल्याकडे नाही. एकाच माणसाचे एकाच आवारातले दोन लेख. आपण मात्र तीनशे वर्षांतून नेमका पायरीवरचा उचलून आणला आणि पोरांना शिकवला.

बरं, पायरीवरचाही नीट वाचला तर वेगळाच दिसतो. मराठेशाहीतले शिक्के पाहिलेत का कधी? जुन्या पत्रांवर असतात ते. त्यात हे वळण पुन्हापुन्हा येतं, अमुक चरणी तत्पर, तमुक निरंतर. कधी राजाच्या चरणी, कधी कुलदैवताच्या. मोठमोठ्या सरदारांचे शिक्के असे आहेत. ती काही लोटांगणाची भाषा नव्हे, हुद्द्याची भाषा आहे. मी कोण, कुणाच्या कामावर आहे आणि त्या कामात कसा आहे, एवढंच ती सांगते. 'तत्पर' म्हणजे नम्र नाही, तत्पर म्हणजे तयार, कामाला चोख. मला तर ती पायरी हिरोजीच्या शिक्क्यासारखीच वाटते. कागदाऐवजी दगडावर उमटवलेला शिक्का! काम पूर्ण झालं, खाली सही. पायधूळ वगैरे आपण नंतर आणली.

मग ही लाज आपल्यात आली कुठून?

सगळ्यात आधी आठवतात ते रामदास. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खांची लक्षणं आहेत आणि आपली स्तुती आपणच करणारा त्या यादीत आहे. हे प्रत्येक घरात माहीत असतं. गंमत अशी की त्याच ओवीत वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणाराही मूर्खच म्हटलाय. ते मात्र आपण सोयीनं विसरतो. पणजोबांनी विहीर कशी बांधली आणि आजोबांना साहेबानं खुर्ची कशी दिली, हे आमच्याकडे प्रत्येक लग्नात निघतं. (मावशी, वाचत असशील तर राग मानू नकोस, तूच ते सर्वात छान सांगतेस.) आणि माणूस गेला तरी कीर्ती मागे उरली पाहिजे, हेही रामदासांनीच मनाच्या श्लोकांत सांगितलं. ते हिरोजीच्याच काळातले, १६८२ साली गेले. म्हणजे त्या काळात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदत होत्या. आपण एक ठेवली, एक टाकली.

भाषेनंही हातभार लावलाच. स्वतःच्या कामाबद्दल बोलणं यासाठी मराठीत किती शब्द आहेत बघा. टिमकी वाजवणं, टेंभा मिरवणं, फुशारकी, बढाई, आत्मप्रौढी, आपलीच पाठ आपण थोपटणं. सगळे वाईट. चांगल्या अर्थाचा एक शब्द मी दोन दिवस शोधतेय, सापडला तर कळवा :)

पण दगड काही वेगळंच सांगतात, आणि रायगडाच्या फार आधीपासून सांगतात.

कार्ल्याची लेणी आपण सगळ्यांनी पाहिलीत. निदान एकवीरेला जाता जाता तरी. तिथल्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा, भूतपाल नावाचा शेठ त्यात म्हणतो की हे शैलगृह त्यानं पूर्ण केलं, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. अख्ख्या जंबुद्वीपात! मावळात नाही, दख्खनेत नाही. आणि आत जाऊन मान वर करून पाहिलं की वाटतं, बरोबरच बोलतोय की माणूस.

भूतपाल पैसेवाला होता, त्याचं एक वेळ सोडा. त्याच चैत्यात दाराजवळ आणखी एक छोटा लेख आहे. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं दार केलं. बस. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक सुतार स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव आणि काय केलं ते सांगतो. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात यक्षाच्या मूर्तीशी लिहिलंय की हे कण्हाचा शिष्य बलक यानं केलं. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात एक बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर अक्षरं आहेत, कण्हदास सोनारानं केला. सोनारानं दगडाचा यक्ष का घडवला हा प्रश्न वेगळा, पण सही ठोकायला जागा निवडली ती थेट यक्षाचा हात! मला हा कण्हदास फार आवडतो.

या लेखांत एकही विशेषण नाही. कुशल नाही, नामवंत नाही, आणि उलट बाजूनं पामर, अल्पमती असंही नाही. कुणाचा, कुठला, काय केलं. हे असं बोलायला लाजण्यासारखं त्यात काही उरतच नाही. कार्ल्याच्या शेठजींनी एक विशेषण वापरलं, ते आपण चालवून घेऊ.

विशेषणांची हौस पाहायची तर कर्नाटकात जायला हवं. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ मधलं, होयसळांच्या विष्णुवर्धनाचं. तिथल्या त्या प्रसिद्ध मदनिका आहेत ना, त्यांतल्या बऱ्याच मूर्तींच्या बैठकीवर मूर्तिकारांच्या सह्या आहेत. बळ्ळिगावेच्या दासोजाचा मुलगा चावण स्वतःला काय म्हणवतो, तर बिरुदं मिरवणारे इतर मूर्तिकार जर मदन असतील तर त्यांना जाळणारा महेश! शेजारच्या कमानीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना उद्देशून हे लिहिलंय. आमच्या ऑफिसात कुणी असं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती. तेराव्या शतकातला मल्लितम्म त्या मानानं शांत. सोमनाथपूरच्या देवळात त्याची सही कितीतरी मूर्तींखाली आहे, कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं 'मल्लि'. ढीगभर ड्रॉइंगवर सह्या करून कंटाळलेला माणूस शेवटी आद्याक्षरावर येतो तसंच. मला एकदम आपलासा वाटला.

आणि याच्या अगदी उलटं उदाहरण आपल्या वेरूळचं. कैलास. तिथे करणाऱ्याचं नाव नाही. पण बडोद्याला सापडलेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात, कर्कराजाच्या, इसवी सन ८१२च्या सुमाराच्या, एलापूरच्या डोंगरावरच्या देवळाचं वर्णन आहे. रा. गो. भांडारकरांनी ते कैलासाशी जोडलं. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, हे माणसाचं काम नव्हे, स्वयंभूच असणार असं त्यांना वाटतं. इथवर राजकवीचं नेहमीचंच. पण पुढे येतं की ते बांधणारा शिल्पीसुद्धा चकित झाला. पुन्हा तसं काही करायला गेला आणि जमेना, तेव्हा त्याच्या मनात आलं, अरेच्चा, हे मी केलं तरी कसं?

बाराशे वर्षांपूर्वीचं आहे हे. ज्यानं कुठलंही अवघड काम मन लावून केलंय त्याला ही भावना ओळखीची आहे. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची आकडेमोड फाइलीत सापडते, आपण वाचत जातो आणि वाटतं, हे मी केलंय? ती फुशारकी नसते. ते निखळ आश्चर्य असतं, आणि त्यात आनंद असतो. कैलासाच्या त्या माणसाचं नाव नोंदवलं गेलं नाही हे लोकांनाही पटलं नसावं. नंतरच्या काळात कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत त्याला नाव मिळालं, पैठणचा कोकास, ज्यानं कळसापासून खाली देऊळ कोरलं. नाव नसलेलं एवढं मोठं काम लोकांना सहन होत नाही. ते नाव शोधून आणतात, नाहीतर तयार करतात.

आता हे सगळं मी का उकरून काढलं ते सांगते. येत्या जूनअखेर मी निवृत्त होते आहे. एका सरकारी खात्यात पुलांची डिझाइनं करण्यात तेहतीस वर्षं गेली. खात्यात निरोप समारंभ असतो आणि समारंभात 'सत्कारमूर्तींचा परिचय' असतो. तो कोण लिहितं हे ज्यांनी नोकरी केली त्यांना माहीत आहे. सत्कारमूर्तीच लिहून देते, तृतीयपुरुषी. मग दुसरं कुणीतरी तो गहिवरून वाचतं. मलाही निरोप आला, मॅडम, एक पान द्या.

मी पान घेऊन बसले आणि माझ्या हातून काय उतरलं, तर 'मनमिळाऊ स्वभाव, सोपवलेली कामे वेळेत पूर्ण केली, सर्वांचे सहकार्य लाभले.' दरवर्षी गोपनीय अहवालात स्वयंमूल्यमापनाच्या रकान्यात हेच लिहीत आलो आम्ही सगळे. त्या वाक्यावरून मी पूल बांधले की पापड लाटले, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

पुलांवर नावं असतात, नाही असं नाही. कोनशिला असते. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. शुभहस्ते कोण, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची. असलाच तर सर्वात खाली एखाद्या अभियंत्याचा हुद्दा, कधी नाव. गवंडी, सुतार, फिटर, सेंटरिंगवाले कुठेच नाहीत. कार्ल्याला सुताराचं नाव आहे आणि आपल्या कोनशिलेवर नाही. दोन हजार वर्षांत आपण नक्की कुठे पोचलो, असा प्रश्न पडतो. असो.

नाव विचारलं जातं ते कधी? रायगडाच्या पायथ्याशीच महाड आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तिथला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं त्या पाण्यात गेली. दुसऱ्या दिवसापासून सगळे एकच विचारत होते, जबाबदार कोण, तपासणी कुणी केली, सही कुणाची? विचारायलाच हवं होतं. माणसं गेली होती. पुढे २०१७च्या जूनमध्ये तिथे नवा पूल खुला झाला. १६५ दिवसांत बांधला अशी बातमी सगळीकडे आली. तो डिझाइन कुणी केला, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंत का? त्यावरून रोज हजारो माणसं जातात, आणि न विचारता जातात, हे एका अर्थी चांगलंच. पुलाचं कामच ते, कुणाच्या लक्षात न येणं.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. डिझाइन कुणी केलं, तपासलं कुणी, मंजूर कुणी. 'डिझाइन'समोर माझी सही. ती सही मी प्रत्येक वेळी छातीत थोडी धाकधूक घेऊनच केली, कारण तिचा अर्थ असा की उद्या काही झालं तर हिला बोलवा. तेहतीस वर्षं ही सही दोष घ्यायला तयार होती. मग काही झालं नाही, पूल नीट उभा राहिला, गाड्या गेल्या, वऱ्हाडं गेली, उसाच्या ट्रॉल्या गेल्या, तेव्हा तीच सही आनंद घ्यायला का तयार नसावी? सामी सुतारानं दारावर नाव घातलं तेव्हा तेही दोन्ही अर्थांनीच असणार. दार छान झालं तर मी केलं. निखळलं तर धेनुकाकटला येऊन मला विचारा, बापाचं नाव वेणुवास.

रायगडावरचे ते आभाळाला चाटणारे राजवाडे मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत जळाले. आज जोती उरलीत. जगदीश्वराचं देऊळ आहे, पायरी आहे, भिंतीतला लेख आहे. भाचीनं तो वाचून संपवल्यावर मी तिला विचारलं, यातला कुठला हिरोजी खरा? ती म्हणाली, "मावशी, दोन्ही. एक महाराजांसाठी, एक आपल्यासाठी." पोरगी पुढेमागे मास्तरीण होणार. आबांची नात शोभते.

काल रात्री परिचयाचं पान फाडून टाकलं आणि नवं लिहिलं. कार्ल्याच्या पद्धतीनं, कुणाची, कुठली, काय केलं. एक विशेषण मी घेतलंय, भूतपाल शेठला घेता येतं तर मलाही. समारंभात कुणी वाचेल न वाचेल, ज्यांना तिथे येता येणार नाही त्यांच्यासाठी इथे देते:

तालुक्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांची मुलगी. आई त्याच शाळेत शिवण शिकवायची. कॉलेजातल्या ज्या सरांनी चुकलेलं गणित न खोडता तीनदा पुन्हा करायला लावलं, त्यांची विद्यार्थिनी. तेहतीस वर्षांत एकतीस पुलांची डिझाइनं केली. मोऱ्या मोजल्या नाहीत. सर्वात लहान पूल दोन गाळ्यांचा, ओढ्यावरचा, पण तो झाल्यावर पलीकडच्या वाडीतल्या मुली पावसाळ्यातही शाळेत येऊ लागल्या. सर्वात मोठा अकरा गाळ्यांचा. त्याच्या पायाला खडक अपेक्षेपेक्षा सहा मीटर खाली लागला आणि अख्खं डिझाइन नऊ दिवसांत नव्यानं केलं. ते कसं केलं, याचं आजही नवल वाटतं. दोन पूल बुडीत आहेत. ते दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि गणपतीच्या सुमाराला पुन्हा वर येतात. एकतीसही पूल उभे आहेत. उत्तम आहेत.